मरणाची सवय

बाईंनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. झटकला नाही. हळूच उचलला आणि स्वतःच्या पर्सवर ठेवला.

सिनेमा नुकताच संपला होता. म्हातारा बाप मरतो आणि लेकीला रडूच येत नाही, एवढीच गोष्ट. दिवे लागले तेव्हा मी हमसून हमसून रडत होते. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं, "काय झालं गं?" म्हटलं, "माझे वडील गेले, दिवाळीच्या आधी." तेव्हा त्यांनी तो हात ठेवला. लई बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "काय करायचे ते?"

"स्मशानात सरणं रचायचे."

हा सिनेमा मंडळातला. शुक्रवार पेठेतल्या एका हॉलमध्ये हे मंडळ दर रविवारी भरतं. पुस्तकं, सिनेमे, वर चहा. त्या महिन्याचा विषय होता मरण आणि शोक. मी औषधाच्या दुकानात कामाला. आई लहानपणीच गेलेली, आता बापही गेला, खोलीत मी एकटी. कुणाशी तरी बोलायचं होतं मला, म्हणून गेले. दुसरं काही नव्हतं मनात.

मंडळाचे सर रिटायर प्रोफेसर. बाईंनी लगेच त्यांच्या कानात सांगितलं. सर सगळ्यांदेखत हसत म्हणाले, "मग तुम्हाला मरणाची सवयच असेल. आमच्यासारखं दुःख तुमच्यात होत नसणार." आणि वर, "पुढच्या रविवारी स्मशानातले दोन-चार गमतीचे किस्से सांगा. चर्चा फार जड झालीय."

लोक हसले. माझी मान आपोआप हलली. व्हय म्हणून. सवय म्हणाल तर आमच्यात ही असते, मान हलवायची.

आठवडाभर डोकं फिरलेलं. दुकानात गोळ्या देताना, घरी भाकरी थापताना, तेच. माझ्या बापाला सवय होती? लहान लेकरू आलं की त्या दिवशी तो जेवायचा नाही. अग्नी दिला की लोक निघायचे. मागं वळून बघायचं नसतं म्हणे. बाप तिथंच बसायचा, विझेस्तोवर. एकदा विचारलं, "आप्पा, तू कशाला बसतोस?"

म्हणाला, "एकटं कसं सोडायचं गं? कुणीतरी पायजे की तितं."

आणि त्याच्या वेळी? मंद्रूप गावचे पाहुणे अग्नी देऊन निघाले. बाईमाणसानं थांबू नये म्हणाले. मी थांबले. एवढ्या लोकांची मढी त्यानं राखली, त्याच्यापाशी मी एकटी. डोळ्यातून टिपूस नाही. ते आलं मंडळात, परक्या लोकांत बसून. आणि हे म्हणतात, तुम्हाला होत नाही.

रविवारी सरांनी पुकारलं, "या, आता जरा हलकंफुलकं."

उभी राहिले.

"किस्सा न्हाय सांगणार," मी म्हटलं. "तुमचा विषय मरण हाय ना? मग माझ्या बापाचं मरण सांगते."

सर म्हणाले, "अहो, हे साहित्याचं व्यासपीठ आहे. वैयक्तिक नको."

"मागच्या रविवारी सिनेमाआधी तुम्ही तुमच्या आईचं सांगितलंत की. ते काय होतं?"

सर चष्मा पुसायला लागले. मी सांगत गेले. थांबले नाही. काही जण चहाला उठले. एक-दोघांनी खाली बघत ऐकलं. संपल्यावर जवळ कुणी आलं नाही. जिना उतरले एकटीच. रस्त्यात जीव तुटत होता, खोटं कशाला सांगू.

पण मंडळ सोडलं नाही. दर रविवारी जाते. शेजारची खुर्ची रिकामी राहते, राहू दे. आता हेच लिहायला बसलेय. माझ्या बापाचं मरण तुमच्यातल्या मरणाएवढं मोठं आहे का, हे तुम्हाला विचारायला मी येणार नाही. कुणी छापलं तर छापलं. नाही तर त्याच हॉलमध्ये उभी राहून सगळं वाचणार. खाली बस म्हणाल, तर बसणार नाही.