आधी घरी सांग

लिही गं, आज माझ्या धाकट्या जावेचं लिही. कॉलेजच्या विज्ञान विभागातली पोरं तिला काचमावशी म्हणतात. का, तर दिवसभर प्रयोगशाळेतल्या नळ्या नि बाटल्या ब्रश घालून घासत असते. हात कायम ओले. दीर लवकर गेले, पदरात एकच पोरगं. ताडमाड वाढलेलं, म्हणून आम्ही त्याला बांबू म्हणायचो. शिकला तिथंच, आईनं घासलेल्या नळ्यांत प्रयोग करून.

पदवी झाली की इथंच चिकटवून घेऊ, असं त्याचे सर कधीतरी बोलले होते. झालं! हिनं खिडकीपाशी त्याला टेबल मांडलं, नवा पडदा शिवला आणि गल्लीभर सांगून मोकळी. "आता माझा बांबू कुठं जातोय! दोघं एका डब्यात जेवू."

मी म्हटलं, "अगं, त्याला विचारलंस का?"

"आपल्याच पोराला काय विचारायचं, ताई?"

पदवीचे काळे झगे विभागाचेच. ते वाटायचे, गोळा करायचे, धुवायचे, सगळं हिच्याकडेच. बांबूला एकही पुरेना. हिनं एका झग्याची खालची दुमड उसवून तो लांब करून दिला.

तिथली रीत अशी, की पदवी घेतली की माईकवर सांगायचं, पुढं काय करणार. एक पोरगी म्हणाली, शाळेत शिकवणार. एक म्हणाला, औषधाच्या कारखान्यात जाणार. एक म्हणाला, "आधी पोटभर झोपणार!" सगळे खो खो हसले. मग बांबू आला. खाली बघतच बोलला, "परदेशी चाललोय. पुढच्याच आठवड्यात. बहुतेक तिकडंच राहीन."

टाळ्या पडल्या. ही माझ्या शेजारी हँगर घेऊन उभी. हिनंही टाळ्या वाजवल्या. हँगर खाली पडला, ते कळलंसुद्धा नाही तिला.

बाहेर हिनं त्याला गाठलं. "घरी का नाही बोललास रे?"

"घरी तू रडली असतीस, आई. मग माझा पाय निघाला नसता."

इथं ती कामावर होती ना. कामावर कोण रडतं? "झगा काढ, चुरगळेल," एवढंच म्हणाली.

गेला. फोन करतो, नाही असं नाही. त्या टेबलावर आता इस्त्रीचे कपडे पडलेले असतात. झग्याची दुमड मात्र तिनं परत घातली नाही. दरवर्षी कुणीतरी तो उचलतं, पायात अडकतो. ही म्हणते, "ठेव तो. दुसरा घे."

यंदा मी तिच्या सोबतीला गेले होते. एक उंच पोरगा आला, त्याला तो झगा अगदी मापात बसला. ही गुंड्या लावत होती, लावता लावता हात थांबला.

"तू कुठं निघालास रे?"

"लांब, मावशी."

"आईला माहितेय?"

"आज कळेल की. आत बसलीय ती."

हिनं लावलेल्या गुंड्या एकेक करून सोडल्या. "आधी तिला सांगून ये. झगा कुठं पळत नाही."

पोरगा चिडला. बडबडत आत गेला. बराच वेळ आलाच नाही. ही झगा पोटाशी धरून दारात उभी.

म्हटलं, "बस गं जरा."

बसली नाही.