बद्द वाजणारी कमान

कमानवाले बाबा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य ऐकवायचेच. "चाळीस वर्षांत माझी एकही कमान उकललेली नाही." माणूस नुसता पत्ता विचारायला आलेला असला तरी त्याची सुटका नसे.

त्यापाठोपाठ इतिहास यायचा. घोड्यावरून बाण मारणाऱ्याला आखूड कमान हवी, कारण लांब कमान घोड्याच्या मानेत अडकते. पण नुसत्या लाकडाची आखूड कमान जोरात ओढली की मोडते. म्हणून कुणा जुन्या डोकेबाज माणसाने लाकूड मधे ठेवलं, पोटाला म्हशीच्या शिंगाची पट्टी चिकटवली आणि पाठीला जनावराच्या टाचेमागची शीर; तीही वाळवून, कुटून, केसांसारखी विंचरून, चिकट सरसात भिजवून. शिंग दाब सोसतं, शीर ताण सोसते. "आणि लाकूड?" असं कुणी विचारलं की बाबांची कळी खुलायची. "लाकूड दोघांना धरून ठेवतं. या घरात माझं काम तेच."

हे मात्र साफ खोटं. घर सूनबाईने धरून ठेवलं होतं. मुलगा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. शीर कुटणं आणि सरस शिजवणं तिच्याकडे होतं. त्या वासाला नाक मुरडणाऱ्या शेजारणीला ती म्हणायची, "तुमच्या अत्तरापेक्षा जास्त टिकतो हो."

बाबांनी स्वतःकडे राखलेलं काम एकच, कमान वाळली की नाही ते ठरवायचं. सरसाला वाळायला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. वरून कोरडा ठणठणीत दिसला तरी आत ओल असते. बाबा कमान कानाशी धरून नखाने वाजवायचे. वाळलेली खणखणीत वाजते, ओली बद्द वाजते. ओलीला दोरी चढवली की पाठीवरची शीर सालीसारखी सुटते आणि वर्षाची मेहनत पाण्यात जाते.

त्या दिवशी सकाळी तिरंदाजी शिकवणारे मास्तर आले. त्यांच्या कमानीला बारा महिने पुरे झाले होते आणि माणूस म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. बाबांनी कमान वाजवली, डोळे मिटले, मान डोलावली. "झाली."

सरसाचं भांडं घासणाऱ्या सूनबाईचा हात थांबला. "बाबा, मुठीचं चामडं कुठे आलंय अजून?"

"कपाटात आहे की."

"मग दोरी तरी नवी वळते. दोन महिन्यांनी..."

"दोरीही तयार आहे. तुझं आज बिनसलंय काय?"

तिने हात पुसले, कमान घेतली आणि वाजवली. "आतून बद्द वाजतेय, बाबा. तीन महिने थांबा."

मास्तरांसमोर हे ऐकणं बाबांना झोंबलं. नाकापेक्षा मोती जड झाला की काय! त्यांनी तिच्या हातून कमान घेतली. शेगडीवर कमान शेकली, मांडीखाली धरली आणि तिच्या मूळ बाकाच्या उलट वाकवून दोरी चढवली. दोरी बसली. बाबांनी विजयाने वर पाहिलं, तर मास्तर दचकून दोन पावलं मागे सरलेले. मग बाबांची नजर खाली गेली. एका बाजूची शीर वीतभर सुटून वर आली होती. मास्तरांना ऐकू आलेली कडकड बाबांच्या मांडीपाशीच झाली होती आणि बाबांना ती कळलीच नव्हती.

मास्तर भले गृहस्थ. "होतं असं," म्हणाले आणि निघून गेले.

बाबांनी दोरी उतरवली आणि सुटलेल्या शिरेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "दोन वर्षं झाली. जवळून बोललेलं कळतं, पण कमानीचा आवाज मला ऐकू येत नाही गं. कॅलेंडर बघतो आणि मान डोलावतो." हे बोलताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सूनबाई पुन्हा भांडं घासू लागली होती.

"पण मग या दोन वर्षांत एकही कशी उकलली नाही?" त्यांनी विचारलं आणि विचारतानाच त्यांना एकेक आठवू लागलं. चामडं मिळत नाही. दोरीचा धागा संपलाय. कपाटाची चावी ट्रकमधून परगावी गेली. दर वेळी कमान महिना दोन महिने खुंटीवर राहिली होती आणि दर वेळी ते हिच्या वेंधळेपणावर खेकसले होते.

"किती अडवल्यास?"

"सात."

"तेव्हाच सांगायचंस ना मला!"

"सांगितलं असतं तर तुम्ही वाजवणं सोडलं असतं," ती मान वर न करता म्हणाली. "मग सकाळी उठून दुकानात आला असता का?"

 बाबांना लाज वाटत होती, आणि आपल्याला कुणीतरी इतकं जपलं याचं बरंही वाटत होतं. ते उठले, खुंटीवरची पुढची कमान काढली आणि तिच्या ओल्या हातात दिली.

"वाजव," ते म्हणाले. "आणि जरा मोठ्याने सांग."