बनाआत्तीनं वळलेलं चऱ्हाट

आमची बनाआत्ती परवा मंगळवारी गेली. नव्वदीला टेकली हुती. सांगलीत तीस वर्सं मास्तरीण हुती, पर ती मास्तरीण झाली कशी ते लय जनांला ठावं न्हाई. म्हनून सांगतुया.

सन सेहेचाळीस. कऱ्हाडापासनं जवळच किस्नाकाठाला आमचं गाव. आत्तीचा बा कोंडीबा मांग साऱ्या गावाला दोर वळून द्यायचा. बैलाचं कासरं, म्हशीची दावी, आडावरचं चऱ्हाट, समदं त्येच्याच हातचं. बना चौथीत. पर वर्गात बसाय बंदी. उंबऱ्याभाईर पोत्यावर बसायचं, ऐकू ईल तेवढं शिकायचं. फळा दिसायचाच न्हाई. तिला आत बसायचं हुतं, फळ्याम्होरं. बास, एवढंच.

तहान लागली की वर्गातला पाटलाचा पोरगा भाऊसो रांजणातलं पानी वरनं तिच्या वंजळीत वतायचा. रोज म्हनायचा, "ये मांगटे, मागं सर, रांजण बाटंल." पोरं खिदळायची. अनंत मास्तर वहीत डोकं घालायचं.

शिमगा झाला हुता, ऊन रणरणत हुतं. एक दिस भाऊसोनं तांब्या मागं घेतला. "म्हन, मी मांगटी हाय. मग देतो."

बनाचा घसा वाळलेला. तरी उठून हुबी ऱ्हायली. "भाऊसो, शाळेच्या आडाचं नवं चऱ्हाट कुनी वळलं रं?"

"तुज्या बानं."

"बा नुसता धरतो. पीळ मी देती. पीळ देताना तळहाताला काय लावत्यात, ठावं हाय? थुकी! तेच चऱ्हाट आडात बुडतंय, रांजणावर निथळतंय. म्हैना झाला, माजी थुकी पितुयास तू."

भाऊसोनं रांजण लवंडला. पळत जाऊन काठीनं चऱ्हाट उचललं आन निवडुंगात फेकलं.

"आता काढ पानी," बना म्हनाली.

"घरनं दुसरं आनतो!"

"आन की. ते बी आमीच वळलंय."

दुपार झाली. बारकी पोरं रडाय लागली. मास्तरांचं व्हट सुकलं. शेवटाला भाऊसोच निवडुंगात शिरला. हाताला काटं, डोळ्यात पानी, चऱ्हाट सोडवून घिऊन बनाम्होरं आला. "मला वढवंना. काढ की गं बना."

"काढती. पर आत बसनार."

मास्तर चुळबुळलं. मग हळूच म्हनालं, "पोतं घिऊन ये आत."

"पोतं नगं मास्तर. समद्यांच्या बस्करावर."

मास्तरांनी हो म्हनून मान हलवली.

बनानं पोहरा सोडला, वर वढला. समद्यांदेखत आदी सोता प्याली, घटाघटा. मग रांजण भरला. भाऊसो लांबनंच वंजळ म्होरं करून हुबा. बना हासली. "जवळ ये रं. सांडतंय."

त्या दुपारी फळ्यावर भागाकार हुता. बनानं पैल्यांदाच फळा डोळ्यानं बघितला. आन पैलं उत्तर तिचंच आलं.