शैलावहिनीची रेघ

दादाचा फोन आला तेव्हा मी रोह्याला घराच्या ओटीवर पेपर वाचत बसलो होतो. "शैला गेली रे," एवढंच म्हणाला. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "करोना झाला होता?" "नाय. डोक्यात रक्तस्राव झाला. सकाळी चहा ठेवला आणि खाली बसली ती बसलीच." मला क्षणभर हायसं वाटलं. सख्खी वहिनी गेल्याच्या बातमीत हायसं काय वाटायचं, पण वाटलं खरं. ज्याच्याशी ती इतकी वर्षं झुंजली, निदान त्याच्या हातून ती गेली नव्हती. पुढे पेणला दादाच्या घरी जो जो भेटायला आला त्याने हेच विचारलं, आणि उत्तर ऐकून बहुतेकांनी मान हलवली, "एवढं जपलं, शेवटी काय मिळालं?" हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही. आधी त्याचा राग आला होता, आता वाटतं की उत्तर दिलं पाहिजे.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो. मला नाक पुसायला सांगणारी आणि तरीही 'भाऊजी, तुम्ही' म्हणणारी ती एकटीच. तिचे वडील गणपती करायचे. त्यांच्याकडून तिच्या हातात आली ती आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. पेणमध्ये मातीला आणि रंगाला माणसं पुष्कळ, डोळ्यांना मोजकी. घरामागच्या पत्र्याच्या शेडला आम्ही रुबाबात कारखाना म्हणतो. तिथे खिडकीपाशी स्टुलावर बसून ती श्वास रोखायची आणि एका दमात पापणीची रेघ ओढायची. मध्ये कोणी बोललं तर उत्तर नाही. रेघ संपली की ब्रश बाजूला ठेवून म्हणायची, "हां, बोला भाऊजी. काय जळत होतं?"

दुसऱ्या लाटेत ती आजारी पडली आणि घरीच बरी झाली, असं आपलं आम्ही म्हणायचो. ताप उतरला, पण मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत चाललं तरी छाती धडधडायची. बोलता बोलता साधा शब्द सापडायचा नाही, मग हवेत बोटं फिरवत बसायची. आणि हात थरथरायला लागला. त्या वर्षी हट्टाने एक मूर्ती घेऊन बसली. उजवा डोळा नीट निघाला, डावा पापणीपाशी घसरून भुवईत शिरला. फसलेली मूर्ती भिजवून परत माती करायची, ही पद्धत. दादाने ती उचलली तर म्हणाली, "राहू दे. मला बघायला लागेल." मूर्ती शेडमधल्या फळीच्या टोकाला बसली. वहिनीने शाळेतली पाटी मागवली आणि रोज सकाळी उठल्याबरोबर तिच्यावर एक रेघ ओढायला लागली. रेघ सरळ यायला दोन वर्षं गेली. पनवेलच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, पुन्हा लागण टाळा, दुसऱ्या वेळी काय होईल ते मला सांगता येणार नाही. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. तिने धरून ठेवलं.

मग जग मास्क विसरलं आणि वहिनी गावाच्या चेष्टेचा विषय झाली. माझ्या मुलीच्या लग्नाला रोह्यात एसी हॉल होता. ही बाई मास्क लावून बाहेर फाटकापाशी उभी राहिली, मंगलाष्टकं स्पीकरवर ऐकली आणि तिथूनच अक्षता टाकल्या. त्या एका स्कूटरवर पडल्या. माझ्या मावशीने तोंडावर विचारलं, "गो शैला, आमच्या अंगाला काय वास येतो?" वहिनी हसून म्हणाली, "मावशी, तुम्ही बाहेर या ना, इथे वारा हाय." मावशी आल्या नाहीत.

खरी कसोटी गेल्या वर्षी, गणपती तोंडावर आले असताना लागली. दादा गागोद्याला एका बारशाला गेला आणि ताप घेऊन आला. घरीच चाचणी केली, दोन रेघा उमटल्या. वहिनीने अंथरूण उचललं आणि ती शेडमध्ये राहायला गेली. दादाने मला बोलावलं, "ये, समजाव तिला." मी गाडीत बसलो. कासू स्टेशनात गाडी थांबून राहिली, तोवर काय बोलायचं ते मनात तीनदा घोळवलं. त्यातलं एकही वाक्य कामाला आलं नाही. दादा मागच्या खिडकीत, वहिनी शेडच्या दारात, मधल्या अंगणात मी.

"पेज दारात ठेवते आणि पळते," दादा म्हणाला. "मी काय वाळीत हाय? मला ताप, आणि हिला गणपती पडलेत."

वहिनी आत गेली. ती वाकड्या डोळ्याची मूर्ती आणून तिने अंगणात ठेवली आणि मागे सरली. मास्कमधून आवाज दबका येत होता. "तुम्ही चार दिवसांत उठाल. मी उठेन का ते मला ठाऊक नाय. हात एकदा परत आणला. पुन्हा गेला तर आणायला माझ्यात जोर नाय..." मूर्तीकडे बोट करून म्हणाली, "मरायचं भय नाय मला. भय हाय ते परत असं व्हायचं."

दादाने खिडकी लावून घेतली. मला दोघांचंही पटत होतं, त्यामुळे माझा कोणालाच उपयोग नव्हता. त्यात तिला लागण आधीच झाली आहे की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं. मी रोह्याला परतलो आणि रोज सकाळी फोन करायला लागलो. "आज?" एवढंच विचारायचो. पलीकडून ती सांगायची, "सरळ आली." दादा बरा झाला, तिला काही झालं नाही. त्या वर्षीचे सगळे डोळे तिने पुरे केले. दादा मात्र दसऱ्यापर्यंत तिच्याशी मोजकंच बोलत होता.

परवा पेणला गेलो तेव्हा दादाचे एक जुने मित्र भेटायला आले होते. 'एवढं जपलं' हे तेच वाक्य म्हणून झालं, मग शेवटच्या मूर्ती बघायच्या म्हणून खोकत शेडकडे निघाले. दादा उठला आणि दार अडवून उभा राहिला. खिळ्याला वहिनीच्या मास्कची पिशवी अजून तशीच आहे. त्यातला एक काढून त्यांच्यापुढे धरला.

"आता कशाला रे?" ते म्हणाले.

"आत ती बसते," दादा म्हणाला. स्वतःचा त्याने आधीच लावला होता.

त्यांनी निमूट मास्क लावला, मीही लावला. फळीवर यंदाचे गणपती ओळीने बसले होते, सगळ्यांचे डोळे झालेले. टोकाला तो वाकड्या डोळ्याचा. स्टुलावर पाटी होती. चहा ठेवायच्या आधी, उठल्याबरोबर ओढलेली तिची शेवटची रेघ दादाने पुसलेली नाही. मी वाकून बघितली. सरळ आली होती.