कानपिळीला आलेले दोघे

बिरू परतूर स्टेशनवर उतरला, तेव्हा त्याच्यासोबत आणखी एक जण होता. दोघांच्या अंगात पांढरे शर्ट. दोघांच्या गळ्यात टाय. दोघांच्या खिशावर काळे बिल्ले. मी मोटारसायकल घेऊन एकट्याला न्यायला गेलो होतो.

"हा सॅम्युएल," बिरू म्हणाला. "माझा जोडीदार."

"बसू तिघं. पण ह्याला सोडायचं कुठं?"

"सोडायचं न्हाई. मी जाईन तिथं हा."

मला वाटलं, चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. फलाटावर नळाचं पाणी प्यायला तो दहा पावलं गेला, तर सॅम्युएल बॅगा उचलून मागोमाग गेला.

बिरू आमच्या वाटूरचा. बारावीपर्यंत आम्ही एका बाकावर. त्याच्या आज्याकडे मेंढरं होती. बापाकडे, राधाकिसनकाकांकडे, चार एकर कोरडवाहू आणि शेळ्या. मी जालन्याला मराठी घेऊन बी.ए. केलं. तो हैदराबादला एका बेकरीत कामाला लागला. तिथं दोन पोरं फुकट इंग्रजी शिकवतात असं त्याला कळलं. हा इंग्रजीसाठी गेला. पुढच्या वर्षी पाण्यात बुडी घेऊन त्यांच्या धर्मात गेला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी स्वतःच तसा पांढरा शर्ट घालून निघाला. मॉर्मन म्हणतात त्यांना. दोन वर्षं प्रचार करायचा. पगार नाही. घरी यायचं नाही. सिनेमा नाही, चहा नाही. आणि एकट्यानं राहायचं नाही. कायम दोघं, एकमेकांच्या नजरेसमोर.

हे सगळं त्याच्या पत्रांतून मला कळलं होतं. त्याच्या घरी ती पत्रं मीच वाचून दाखवायचो.

"पगार न्हाई?" जयवंताबाई, त्याची आई, दर वेळी विचारायची. "मंग खातं काय माझं लेकरू?"

पाहुणे सत्यशीलाला, बिरूच्या धाकट्या बहिणीला, बघून गेले तेव्हा घोटाळा झाला. बिरूनं पत्रात लिहिलं होतं, वर्षातून दोनदा घरी फोन करता येतो, त्यातला एक नाताळाला. मी वाचलं. राधाकिसनकाकांनी सुपारी कातरता कातरता ऐकलं.

"म्हंजे नाताळाची सुट्टी हाय," ते म्हणाले.

"सुट्टी नाही काका. फोन."

"सणाच्या दिवशी कोन काम करतं रे? आपला देव देतो सुट्टी, त्यांचा बी देईन."

आणि त्यांनी पंचवीस डिसेंबरचं लग्न धरलं. मुहूर्त निघाला. अंबडचे पाहुणे हो म्हणाले. पत्रिका छापून आल्या. वर खंडोबा, खाली निमंत्रकांत बिरूचं नाव. मगच काका मला म्हणाले, "आता त्याला कळव."

सत्यशीलाला सख्खा भाऊ एकच. आमच्याकडं अक्षता पडल्यावर नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. बहिणीला नीट नांदव म्हणून. मग नवरदेव त्याला कपडे करतो. चुलत्याची पोरं होती की पाच. पण सत्यशीला म्हणाली, "माझ्या भावाचे हात शाबूत हायेत. दुसऱ्यानं पिळायचा न्हाई."

पत्रिका घेऊन बिरू सिकंदराबादला प्रचारकांच्या साहेबांकडे गेला. मोटारसायकलवर मधे बसून त्यानं मला हे मागून ओरडून सांगितलं.

"साहेब म्हन्ले, ही पूजा आहे का?"

"मग?"

"म्या म्हन्लं, न्हाई साहेब. कान आहे."

साहेब हसले म्हणे. एक दिवस दिला. दोघांनी जायचं, दोघांनी राहायचं, संध्याकाळच्या गाडीनं दोघांनी परत. नाताळ सोडून सोबत कोण जाणार, असं विचारलं तेव्हा सॅम्युएलनं हात वर केला. तो राजमहेंद्रीचा. तेलुगू बोलायचा, आणि कामापुरती हिंदी.

मांडवात शिरलो आणि वाजंत्री थांबल्यासारखी झाली. बायका दोघांना वरून खालपर्यंत बघू लागल्या. बिरूची चुलती गोपिकाबाई पुढं आली.

"काय इकून राह्यला रे बिरू? साबण का?"

"काही न्हाई इकत, काकू."

"मंग बिल्ला कशाचा?"

"नाव आहे माझं."

"तुझं नाव आमाला ठाव हाय की. आमच्यासाठी कशाला लावायचं?"

हशा झाला. चहा आला. दोघांनी कपाला हात लावला नाही.

"अगं बया, चहा न्हाई म्हन्तो! ताप आला का?" गोपिकाबाईनं खरंच त्याच्या कपाळाला हात लावून बघितलं. मग जयवंताबाईनं शेळीचं दूध तापवून आणलं. दोघांनी ते उभ्या उभ्या प्यायलं. तिनं दोघांच्या कपाळाला भंडारा लावला. सॅम्युएलला शिंक आली. बिरूनं भंडारा पुसला नाही. मात्र घरात देवक बसलं होतं तिकडं तो गेला नाही. उंबऱ्याबाहेर थांबला. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला.

जयवंताबाईनं मला चुलीमागं बोलावलं.

"बद्री, त्याला तू काही सांगू नको. अंकुशनगरला बोलून ठेवलंय. कारखाना चालू हाय. काट्यावर उसाच्या गाड्या मोजायला माणूस पाह्यजे त्यांना. परवापसून कामावर."

"त्याला विचारलं का, मावशी?"

"इचारायचं काय? आला का न्हाई घरी? मंग. आता म्या सोडत नसते."

"आणि सोबतचा?"

"त्याला कोनीतरी गाडीत बसवून देईन. जिलबी बांधून देते."

ती उठली आणि कामाला लागली. मी बाहेर आलो. बिरूकडं बघवेना.

आधी तिनं सॅम्युएलला दूर करून पाहिलं. पोरांना सांगितलं, "जा, त्या दादाला हीर दाखवा." पोरांनी त्याचा हात धरून त्याला ओढत नेलं. बिरू मोठ्या माणसांच्या पाया पडत होता. त्यानं मान वर केली. जोडीदार नाही. तो तसाच उठला आणि विहिरीकडं पळाला. ज्यांच्या पाया पडायचं राहिलं ते म्हातारे पाय पुढं करून बसलेले.

"बायकू तरी बरी," काकांचा एक सोयरा म्हणाला. "ती हिरीवर एकली जाती."

दोघं परत आले. बिरूच्या बुटांना चिखल. थोड्या वेळानं तिनं सॅम्युएलला आचाऱ्याकडं पाठवलं. बिरू तिकडंही गेला. मग तिनं बिरूला मामाच्या ओसरीवर झोपायला सांगितलं, रातभराचा प्रवास झाला म्हणून. दोघं जाऊन ओसरीवर बसले. झोपला कुणीच नाही. बिरू सारखा घड्याळ बघत होता. मी म्हटलं, "बिरू, स्वतःच्या घरात आलायस. जरा टेक."

"टेकवत न्हाई," तो म्हणाला. "तिथं असलो की हितलं आठवतं. हितं आलो तर वाटून राह्यलं, तिथं आज सगळे गाणे म्हणत असतील."

"मग कुठलं खरं?"

तो शर्टाची बाही नीट करत राहिला.

अक्षता पडल्या. कानपिळीला पुकारा झाला. बिरू पुढं गेला. सगळा मांडव उठून बघायला लागला. टाय लावून कान पिळणारा भाऊ वाटूरनं अजून बघितला नव्हता.

"मेव्हणे, जोरात पिळा," नवरदेव म्हणाला. "तुमच्या देवाला बी ऐकू जाऊ द्या."

बिरूनं कान धरला. सत्यशीला मुंडावळ्यांतून बघत होती. तिचे डोळे भरलेले. त्यानं पिळला, आणि पिळता पिळता मागं बघितलं. फोटोवाल्यानं सॅम्युएलला पोरांसोबत मांडवाबाहेर उभं केलं होतं. बिरूला तो दिसेना. त्यानं मान लांब केली, टाचा उचलल्या, एक पाऊल मागं सरकला. कान सोडायचं विसरला. नवरदेव पाटावरून अर्धा उठला.

"अहो! अहो, सोडा! नांदवतो, नांदवतो!"

मांडव हसून हसून आडवा झाला. सत्यशीलाही हसली, डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून. बिरूनं कान सोडला. नवरदेवाच्या बापानं त्याला पँटशर्टाचं कापड दिलं. त्यानं ते काखेत मारलं आणि गर्दीतून वाट काढत बाहेर गेला. जयवंताबाई बघत होती. ती एकटीच हसली नाही.

पंगती उठल्या. ऊन उतरायला लागलं. परतूरला जायच्या जीपची वेळ झाली, तशी बिरूनं बॅग शोधली. बॅग जयवंताबाईच्या मांडीवर होती. ती मांडवाच्या मेढीला टेकून बसली होती.

"माय, जीप जाईन."

"जाऊ दे. तू ऱ्हातू."

"माय, एका दिवसाचं बोलून आलो."

"म्या बी बोलले. कारखान्यावर. परवापसून तुला काम लागलं."

बिरूनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. बॅगेच्या पट्ट्याला हात लावला. ओढला नाही.

"एक वरीस राह्यलं माय. मंग येतो."

"वरसानं कोन येतं कोन ऱ्हातं. पोरगी आज चालली. तू बी जाय. म्या शेळ्यांसंग बोलू का?"

राधाकिसनकाका जवळ आले आणि परत फिरले. बिरू तसाच बसून होता. त्याचा गुडघा हलत होता. मला वाटलं, राहतो आता. खरंच वाटलं. टायची गाठ त्यानं सैल केली होती.

जयवंताबाईलाही तसंच वाटलं असावं. ती सॅम्युएलकडं वळली. आमच्याकडच्या बायकांना येते तशी हिंदी तिला येत होती.

"बेटा, तुम जाव. मेरा बच्चा रहता."

सॅम्युएल जरा गोंधळला. मग म्हणाला, "अम्मा, उसको छोडके मैं कैसा जाता?"

"तुम छोटा है क्या? इतना बडा है. तेरी माँ को मालूम, तू इधर आया?"

"नहीं अम्मा."

"बोला नै?"

"आज फोन करना था. पडोसी के घर पे फोन है. उधर बैठी रहती सुबह से."

"फिर? किया क्यों नै?"

सॅम्युएलनं फाट्याच्या दिशेनं हात केला. एसटीडीचं बूथ तिकडं होतं, गावापासून लांब. मग बिरूकडं बघितलं. बिरू दिवसभर मांडवात. त्याला सोडून फोनला कसं जायचं? म्हणून तो गेलाच नव्हता. बोललाही नव्हता.

बिरूचं तोंड उतरलं. "म्या विसरलोच," तो म्हणाला. "सॅम्युएल, म्या विसरलोच रे." मराठीतच म्हणाला. सॅम्युएलला ते कळलं असावं, कारण तो हसला.

जयवंताबाई मला म्हणाली, "सकाळपसून म्हन्तो का हा?"

"हो मावशी."

"दिवस कलला की." ती उठली. "आन् हे हितं जिलबी खाऊन राह्यलं! उठा! दोघं बी उठा! बिरू, तुला लाज न्हाई का रे? त्याच्या मायनं भाकर खाल्ली असंन का?"

तिनं बॅग डोक्यावर घेतली आणि फाट्याकडं निघाली. लग्नाच्या घरची आई, हिरवं लुगडं, बांगड्या भरलेल्या, डोक्यावर टाय-शर्टाची बॅग. आम्ही तिघं मागं.

फाट्यावर काळीपिवळी जीप भरत आली होती. सॅम्युएल बूथमधे शिरला. फोन लागेना. त्यानं परत फिरवला. परत. ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

"परतूर, परतूर! चला, आगगाडी चुकन."

जयवंताबाई जीपच्या पुढं जाऊन उभी राहिली. बॅग पायाशी ठेवली. बॉनेटवर हात ठेवला.

"थांब जरा."

"ओ माय, बाजूला व्हा. लोकायला जायचंय."

"लोकायला जाऊ दे. तिकडं एक बाई बसली हाय."

"कोन बाई?"

"मला काय ठाव कोन? हाय."

आतले लोक ओरडायला लागले. कुणी म्हणालं, लग्नाचं वऱ्हाड दिसतं, बोलू नका. बिरू बूथ आणि जीप यांच्या मधे उभा. काचेतून जोडीदार दिसत होता. इकडं आई. तो दोन पावलं इकडं यायचा, दोन तिकडं जायचा.

"माय," तो म्हणाला, "म्या…"

"बस गाडीत," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "जागा जाईन."

तो बसला. मागच्या बाकाच्या टोकावर, एक पाय बाहेर ठेवून.

सॅम्युएलनं एकाएकी काचेला कपाळ टेकवलं. त्याचे ओठ हलायला लागले.

"लागला का?" जयवंताबाईनं मला विचारलं.

"लागला."

"बोलू दे."

ड्रायव्हरनं हॉर्न धरून ठेवला. तिनं बॉनेटवरचा हात काढला नाही. इंजिन थरथरत होतं, तिच्या हातातल्या बांगड्याही. सॅम्युएल बोलत होता, ऐकत होता, मान हलवत होता. मग त्यानं फोन ठेवला आणि पळत येऊन बिरूशेजारी बसला. ती तेव्हा बाजूला झाली. बॅग उचलून बिरूच्या मांडीवर ठेवली. त्यानं तिचा हात धरला. जीप हलली, तसा तिनं सोडवून घेतला.

जीप परतूरच्या रस्त्याला लागली. मी जयवंताबाईकडं बघितलं. ती तिकडं बघतच नव्हती. गावाकडं तोंड करून तिनं पदर खोचला होता. मांडवातून वाजंत्री ऐकू येत होती.

"चल बद्री, जल्दी. पोरीची पाठवणी हाय. सगळे खोळंबले असतीन."

ती इतक्या भराभर निघाली, की मला मागून पळावं लागलं.