नसलेल्या बाईची खोली

मी चेन्नईला आले तेव्हा पुण्यातल्या आत्याने सगळ्या नातेवाइकांत जाहीर करून टाकलं, की मी वेड्यांच्या इस्पितळात नोकरी धरली. खरं तर माझ्या वाट्याला सगळे शहाणेच यायचे, आणि तेच जास्त थकवायचे. गंभीर मानसिक आजारातून सावरलेल्या माणसाला आजूबाजूचे लोक कितपत जवळ करतात, हा माझ्या संशोधनाचा विषय. त्यासाठी आम्ही जोडीजोडीने शहरातल्या मराठी घरांची दारं वाजवत फिरायचो. काही घरं नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेल्यांची, काही तंजावरकडच्या जुन्या मराठी कुटुंबांची.

पद्धत ठरलेली होती. आधी एका बाईची दहा ओळींची गोष्ट वाचून दाखवायची. बाई काल्पनिक, माझ्याच लेखणीतून उतरलेली. वय बत्तीस, एकटी. कोणी नसताना आवाज ऐकू यायचे, शेजारी अन्नात विष घालतील अशी भीती वाटायची, दोनदा दवाखान्यात राहून आली. आता गोळ्या घेते, नोकरी करते. मग प्रश्न. ही शेजारी राहिलेली चालेल का? हिच्या हातचं खाल का? हिला खोली भाड्याने द्याल का?

गोष्ट मी जरा जास्तच मन लावून लिहिली असावी. टी. नगरमधल्या एका गृहस्थांनी बाईची रास विचारून घेतली. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातला एक इंजिनिअर बराच विचार करून म्हणाला, "खोली देईन, पण ती मासे तळणार नाही ना?" मी मनातल्या मनात चरफडायचे. माझी सहकारी मात्र असली उत्तरं फॉर्मच्या समासात टिपून ठेवायची आणि परतताना मला ऐकवून हसवायची.

ही सहकारी मूळची कराडची. मोटारींच्या कंपनीत नोकरीसाठी इथे आली आणि इथेच आजारी पडली. गोष्टीतल्या बाईपेक्षा तिचं दुखणं मोठं होतं, आणि जीभही जास्त तिखट. आमच्या प्रत्येक जोडीत एक जण हा आजार भोगलेला असायचा, आणि त्यासाठी मी एक नियम केला होता: आपल्या आजाराबद्दल सांगायचं की नाही, कधी, किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं; जोडीदाराने मध्ये पडायचं नाही. हा नियम मी ठळक अक्षरांत छापून घेतला होता आणि त्याचा मला अभिमानही होता.

त्या महिन्यात तिच्या जिवाला एकच घोर होता. तांबरममधलं तिचं लेडीज हॉस्टेल महिनाअखेर बंद होणार होतं. पाच ठिकाणी तिने गोळ्यांचं खरं सांगितलं आणि पाचही ठिकाणी खोली नेमकी कालच गेलेली होती. जागा मिळाली नाही तर कराडला परत. तिथे आई तिला एकटीला वाण्याकडेही जाऊ देत नसे. "तिकडे गेले की मी पुन्हा पेशंट," ती म्हणायची. मी सहानुभूतीने मान हलवायचे. मान हलवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

आमची आणखी एक पद्धत होती. उत्तरं पक्की आहेत की नाहीत हे पाहायला दोन आठवड्यांनी त्याच माणसाला तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. त्यासाठी आम्ही दुसऱ्यांदा तांबरमच्या टीचरांकडे गेलो. तंजावर मराठी घरातल्या या निवृत्त शिक्षिका, वय सत्तरीच्या पुढे. अख्खी गल्ली त्यांना टीचर म्हणायची. पहिल्या खेपेला त्यांनी सगळ्या प्रश्नांना एका दमात "हो" म्हटलं होतं.

दार उघडताच त्यांनी आमच्या मागे डोकावून पाहिलं.

"कुठे गे ती?"

"कोण, टीचर?"

"तीच. गोळ्या घेते ती. तुम्ही विचारलांत खोली द्याल का, मी हो म्हटलं. खोली झाडवून घेतली, खाट टाकली, पंखा नीट करविला. पंधरा दिवस वाट पाहात्ये मी!"

आम्ही आत जाऊन खुर्च्यांवर टेकलो. ती बाई खरी नाही, हा नुसता प्रश्न होता, असं मी त्यांना समजावलं. त्यांचा चेहरा शाळेतल्यासारखा कडक झाला.

"अय्यो! बोलाचाच भात, बोलाचीच कढी! नसलेल्या बाईसाठी जागा मागायला दोनदा आलांत?"

माझ्या शेजारी सहकारीने तोंड उघडलं. ती काय बोलणार हे मला कळलं आणि मी झटकन तिच्या गुडघ्यावर हात दाबला. "चला, निघू या, उशीर होतोय," मी म्हणाले. सकाळचे साडेदहा वाजले होते.

तिने माझा हात शांतपणे उचलून माझ्याच मांडीवर ठेवला.

"टीचर, ती नाहीये, पण मी आहे. गोळ्या मीही घेते. आणि एक तारखेपासून मला खोली हवी आहे."

टीचरांनी तिला निरखून पाहिलं. "आवाज ऐकू येतात अजून?"

"कधीकधी. हळू असतात."

"कोणत्या भाषेत?"

"मराठीत."

"मग बरं. बोलायाला घरात कोणी मराठी उरलं नाही." एवढं बोलून त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू गे? हिला किती दिवस ओळखतेस?"

"दोन वर्षं."

"घरात खोल्या किती तुझ्या?"

"तीन."

"राहातं कोण?"

"मी एकटीच."

टीचरांनी कमरेची खोलीची किल्ली काढून सहकारीच्या हातात ठेवली. खोटं कशाला सांगू, मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं मी परक्यांच्या घरांत शिरून त्यांची मनं तपासत होते. तिच्यासाठी दलालाला फोन मीच केले होते, पण स्वतःची रिकामी खोली मला एकदाही आठवली नव्हती. आणि ती तोंड उघडतेय म्हटल्यावर स्वतःचाच छापील नियम मोडून तिचा गुडघा दाबला तो मीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

सहकारी किल्ली घेऊन उठली आणि जाताजाता टीचरांच्या कानाशी, पण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "त्यांना रागावू नका, टीचर. मला निदान गोळ्या आहेत. मॅडमना आपलं आपणच बरं व्हायचंय."

दोघी हसत खोली बघायला गेल्या.

मी कोरा फॉर्म पुढे ओढला, उत्तर देणाऱ्याच्या रकान्यात माझंच नाव लिहिलं आणि गोष्ट न वाचता सरळ पहिल्या प्रश्नापाशी पेन टेकवलं.