निक्की आता बंद पडत नाही

चंदिगढला लागून असलेल्या मनीमाजऱ्याच्या बाजारात रजया भरून देणाऱ्याचं एक दुकान होतं आणि त्याच्यावर, दुसऱ्या मजल्यावर, नरेंद्र बत्रांची सॉफ्टवेअर कंपनी. जिना चढून आलं की समोर पांढरा फळा, आणि फळ्यावर एकच आकडा: गेल्या आठवड्यात निक्की किती वेळा बंद पडली. दर सोमवारी तो आकडा लिहायचं काम पद्मिनी आरवाडेकडे होतं. २००४ सालच्या जानेवारीत, धुक्यामुळे समोरचं मिठाईचं दुकानही दिसत नव्हतं अशा एका सोमवारी, तिनं तिथं शून्य लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बत्रांनी घरून पिन्न्यांचा, म्हणजे तिकडच्या कणकेच्या लाडवांचा, डबा मागवला, ‘खाओ जी, खाओ’ करत प्रत्येकाच्या टेबलाशी फिरले. पद्मिनी हसली, पिन्नी घेतली, पण खाल्ली नाही.

निक्की हे बत्रांच्या धाकट्या मुलीचं लाडाचं नाव. तेच त्यांनी आपल्या प्रोग्रामला दिलं होतं. प्रोग्राम नवजात बाळांच्या औषधांचा. नर्सनं बाळाचं वजन आणि औषधाचं नाव भरायचं, निक्कीनं किती द्यायचं त्याचा हिशेब करून चिठ्ठी छापायची. बाळं किलो-सव्वा किलोची, मुठीत मावतील अशी. तिथं औषध जरा जास्त गेलं तर काय होतं हे वेगळं सांगायला नको.

प्रोग्राम लिहिणारे दुसरे होते. पद्मिनी तो बांधायची. एकदा लिहिलेलं तेच विंडोजवर चाललं पाहिजे, काटकसरी दवाखान्यांच्या लिनक्सवर चाललं पाहिजे, आणि दोन-तीन हौशी डॉक्टरांच्या मॅकवरही. तिघांचे नखरे तीन तऱ्हांचे. कुठल्या मशीनसाठी काय घ्यायचं, काय गाळायचं, कुठलं बटण चालू ठेवायचं, हे सगळं ज्या फायलींमध्ये लिहिलेलं असतं त्या तिच्या ताब्यात. आता हे असं काम की नीट चाललं तर कुणाच्या खिजगणतीत नाही आणि बिघडलं की सगळ्यांना तुमचं नाव आठवतं. पद्मिनीला त्याचं काही वाटायचं नाही. मिरजेत वाढलेली, इंजिनियर झालेली, नवऱ्यामागून चंदिगढला आलेली ही बाई. तिला मुळात पुढे पुढे करायची सवयच नव्हती.

तिचं दुसरं काम क्रॅश रिपोर्टांचं. प्रोग्राम मध्येच बंद पडला तर जाता जाता तो लिहून ठेवायचा की मी कुठं थांबलो आणि तेव्हा माझ्या हातात कुठले आकडे होते. फोनच्या तारेवरून ते मनीमाजऱ्याला यायचं. दुसरी माणसं पहिल्या चहाबरोबर पेपर वाचतात, पद्मिनी हे वाचायची. लुधियानात काय अडलं, पटियाल्यात काय अडलं. निक्की कुरकुर करतेय म्हणजे सगळं ठीक आहे, असं तिचं साधं गणित होतं.

आणि आता निक्की गप्प झाली होती. ज्या घरात लहान मूल असतं तिथल्या कुठल्याही बाईला विचारा. आतल्या खोलीत मूल आदळआपट करतंय तोवर स्वयंपाक बिनघोर चालतो. एकदम शांत झालं की गॅस बारीक करून आधी आत जाऊन बघावं लागतं.

पण बघायला जायचं कसं? निक्कीला गप्प पद्मिनीनंच केलं होतं.

त्याचं असं झालं होतं. निक्कीच्या पोटात एक तपासणी होती. नर्सनं भरलेलं वजन आणि हिशेबात धरलेलं वजन एकच आहे ना, हे चिठ्ठी छापण्याआधी निक्की ताडून बघायची. जुळलं नाही तर तिथल्या तिथं बंद. नर्सनं वैतागून पुन्हा चालू केलं, तेच आकडे पुन्हा भरले, की हिशेब बरोब्बर! लिहिणाऱ्यांनी दहा वेळा उलटसुलट करून पाहिलं, त्यांच्या टेबलावर काही चुकेना. मग ठरलं की हिशेब ठीक आहे, खोट त्या तपासणीतच आहे. डॉक्टर मंडळी फोनवरून बत्रांची हजेरी घ्यायची. त्यातच दिल्लीचे एक मोठे रुग्णालयवाले निक्की बघायला येणार होते. “पद्मिनीजी,” बत्रा हात जोडून म्हणाले, “कुछ भी करो, ज़ीरो चाहिए.”

बांधणाऱ्यांच्या धंद्यात एक सर्रास रीत आहे. अशा तपासण्या कारखान्यात चालू ठेवायच्या आणि गिऱ्हाईकाकडे माल पाठवताना एका ओळीत बंद करायच्या. सगळे करतात. पुस्तकातही तसंच दिलेलं असतं. पद्मिनीनं डिसेंबरात ती ओळ घातली. विंडोजच्या फायलीत, लिनक्सच्या, मॅकच्या. नवी निक्की फोनच्या तारेवरून दवाखान्यादवाखान्यात पोचली, आणि फळ्यावरचा आकडा उतरायला लागला.

त्या सोमवारी संध्याकाळी तिनं पिन्नी रुमालात बांधून घरी नेली. नवऱ्यासाठी. डॉक्टर हेरंब आरवाडे एका ट्रस्टच्या बालरुग्णालयात नवजात बाळांचा वॉर्ड बघायचा. निक्की तिथं त्याच्याच शब्दावर बसली होती. “बायकोनं बांधलंय, डोळे मिटून सही करतो मी,” असं तो ट्रस्टींना म्हणाला होता आणि त्यावर सगळे हसले होते. त्या दिवशी तो आला तो बूट न काढताच खुर्चीत बसला.

“काय झालं रे?”

“एक बाळ गेलं. मुल्लानपूरच्या बाजूनं आलेलं. चांगलं सुधारत होतं गं. एकदम झटके यायला लागले, हातातनं गेलं. कारणच सापडत नाही.”

तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग रुमाल सोडून पिन्नी पुढं केली. “घे, थोडं गोड खा. आमचं आज शून्य झालं.”

त्यानं खाल्ली. “छान आहे,” म्हणाला. त्यांची सात वर्षांची ज्ञानदा धावत आली, “पापा, मुझे भी!” म्हणाली, आणि उरलेली अर्धी तिनं मटकावली. मराठीत विचारलं तरी ही पोरगी उत्तर हिंदीत द्यायची, त्यावरून आईबापांची रोजची थट्टा चालायची. त्या संध्याकाळी थट्टा झाली नाही.

पुढचे सोमवारही शून्याचेच गेले. बत्रांनी मग आकडा पुसायचंच बंद केलं, शून्याला लाल मार्करनं फुलं काढली. पद्मिनी सकाळी चहा घेऊन बसायची आणि समोर वाचायला काही नसायचं. तिची भूक उडाली. तिनं दोनदा ती ओळ उघडून पाहिली आणि दोनदा मिटली. स्वतःलाच दटावलं, की सगळे करतात, तू काय जगावेगळी आहेस का.

लोहरी, म्हणजे तिकडची संक्रांत, होऊन पंधरवडा झाल्यावर एका दुपारी मुल्लानपूरहून एक पाकीट आलं. तिथं डॉक्टर सरला गिल यांचा छोटा दवाखाना होता. त्यांच्या फोनची तार इतकी रडकी की नवी निक्की तिथं कधी पोचलीच नव्हती. त्यांच्याकडे जुनीच होती, तपासणी चालू असलेली. रिपोर्टही तारेवरून येत नसत. ते मशीनमध्ये साठायचे आणि शहरात येणाऱ्या एखाद्या पेशंटच्या हाती डॉक्टरीणबाई फ्लॉपी पाठवायच्या. सोबत चिठोरं होतं: पुन्हा बंद पडतंय, बघा जरा.

पद्मिनीनं फ्लॉपी घातली. किती दिवसांनी वाचायला मिळालं म्हणून तिला आधी बरंच वाटलं. मग ती वाचत गेली, आणि संपल्यावर पहिल्यापासून पुन्हा वाचू लागली.

प्रत्येक रिपोर्ट त्याच जागी थांबलेला. प्रत्येकात हिशेबात धरलेलं वजन नर्सनं भरलेल्या वजनापेक्षा वेगळं. पण हे वेगळं वजन आलं कुठून? तिनं आधीची चिठ्ठी काढली. ते आधीच्या बाळाचं होतं. एक चिठ्ठी छापून होते ना होते तोच नर्सनं घाईनं दुसऱ्या बाळाचे आकडे भरले, की पहिल्याचं वजन दुसऱ्याला चिकटत होतं. निक्की बंद पडून पुन्हा चालू झाली की चिकटलेलं सुटायचं, म्हणून पुन्हा सगळं बरोबर. ऑफिसात टेबलावर निवांत बसून एकेक चिठ्ठी काढणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. हे फक्त जिथं दोन बाळं आणि एक दमलेली नर्स आहे तिथंच व्हायचं.

म्हणजे खोट तपासणीत नव्हती. तपासणी बिचारी ओरडून सांगत होती. आणि मुल्लानपूर सोडून सगळीकडे पद्मिनीनं तिच्या तोंडात बोळा कोंबला होता. निक्की आता बंद पडत नव्हती. ती शहाण्यासारखी चुकीच्या चिठ्ठ्या छापत होती.

तिनं हेरंबला फोन लावला. “नीट ऐक. आत्ताच्या आत्ता वॉर्डातल्या सगळ्या चिठ्ठ्या हातानं ताडून बघ. चिठ्ठीखाली बारीक अक्षरांत हिशेबातलं वजन छापलेलं असतं, ते बघ.”

“का गं? काय बोलायलीस तू?”

“बघ आधी. आणि… ते मुल्लानपूरचं बाळ. त्याचाही कागद काढ.”

पलीकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आणि कपाट उघडल्याचा आवाज आला.

तासाभरात हेरंब स्वतःच मनीमाजऱ्याला आला. पांढऱ्या कोटातच, धापा टाकत जिना चढून. तो या ऑफिसात कधीच आला नव्हता. त्यानं तिच्या टेबलावर मुल्लानपूरच्या बाळाची चिठ्ठी ठेवली. श्वासाचं औषध. वर बाळाचं नाव नव्हतंच, नुसतं आईच्या नावानं ‘जसबीरचा मुलगा’, कारण बारसं व्हायचं होतं. खाली बारीक अक्षरांत वजन. ते जसबीरच्या मुलाचं नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या चांगल्या दुप्पट वजनाच्या बाळाचं होतं.

“सही माझी आहे,” हेरंब म्हणाला. “वाचलंच नाही मी. तू बांधलंयस म्हणून वाचलंच नाही.”

पद्मिनीला रडायला फार आलं, पण आत्ता या घटकेलाही कुठल्यातरी वॉर्डात कुणीतरी घाईनं दुसरी चिठ्ठी छापत होतं. तिनं तीनही फायलींमधली ती ओळ काढली आणि निक्की नव्यानं बांधायला लावली.

बत्रा केबिनमधून बाहेर आले. सगळं ऐकून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. “ये वापस लगाया तो फिर बंद होने लगेगी. परसों दिल्लीवाले आ रहे हैं.”

“बंद होनी चाहिए, सर. बंद होना ही उसका काम है.”

“ठीक है, ठीक है. चुपचाप भेज दो. किसी को फ़ोन मत करना.”

चुपचाप. नवी निक्की तारेवरून पोचणार उद्या सकाळी, दवाखाने फोन जोडतील तेव्हा. तोवर रात्रभर तोंडात बोळा असलेलीच चिठ्ठ्या छापणार. आणि चुपचाप म्हणजे ज्यांच्या चुकीच्या चिठ्ठ्या छापून झाल्या त्यांना कधीच काही कळणार नाही. त्या सगळ्या आठवड्यांचा एकही रिपोर्ट जगात कुठंच नव्हता. हेरंबच्या वॉर्डात एक चिठ्ठी सापडली, कारण तिथं शोधायला तिचा नवरा होता.

तिनं उठून फळ्यावरचं शून्य फुलांसकट पुसलं आणि फोन ओढून घेतला. एकेका रुग्णालयाला तेच सांगितलं: आजच्या आज निक्की बंद करा, हिशेब हातानं करा, आणि डिसेंबरपासूनच्या चिठ्ठ्या काढून बघा. कुणी शिव्या दिल्या, कुणी वकिलाचं नाव काढलं. एका डॉक्टरनं नुसतं ‘हे देवा’ म्हणून फोन आपटला. बत्रा दारात उभे होते. त्यांनी तिला अडवलं नाही, मदतही केली नाही. हेरंब भिंतीला टेकून खाली बसला होता.

सगळ्यात शेवटी तिनं मुल्लानपूरला लावला. तिथं घाई नव्हती, तिथली निक्की शहाणी होती. पण सांगायला तर हवं. खरखरीतून सरला गिलांचा आवाज आला, म्हाताऱ्या, मायाळू बाईचा.

“हाँ बेटा, देखा फ़्लॉपी? मेरे यहाँ तो रोज़ बंद हो जाता है. मैं तो अब छोटे बच्चों को रखती ही नहीं, सीधे शहर भेज देती हूँ. वो जसबीर का लड़का भेजा था, लोहड़ी से पहले. जसबीर मायके चली गई, फिर मिली नहीं. कैसा है वो? कुछ पता है?”

पद्मिनीनं हेरंबकडे पाहिलं. बत्रांकडे पाहिलं. बत्रांनी मान हलवली, नको म्हणून.

“वो नहीं रहा, डॉक्टर साहब. दवा ज़्यादा चली गई. हमारे प्रोग्राम से. मैंने उसका चेक बंद किया था.”



“पर मैंने तो इसीलिए भेजा था, बेटा,” सरला गिल म्हणाल्या, “कि वहाँ बंद नहीं होता.”

फोन दोघींपैकी कुणीच ठेवला नाही.